डावीकडून घुसणं

माझा डावा हात मनगटात मोडला तेव्हा मी तिसरीत होते. परड्यातल्या पेरूवरून पडले. वडील तेव्हा पलटणीत होते. आईने मला हाडवैद्याकडे नेलं, त्याने कामट्या बांधल्या, हाड जुळलं, पण जरा वाकडं जुळलं. पुढे हात दुखला नाही, कामाला अडला नाही. फक्त तळवा पूर्ण जमिनीकडे वळत नव्हता. भाकरी थापताना किंवा घागर उचलताना ते कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. लक्षात आलं ते बास्केटबॉल खेळायला लागल्यावर.

साताऱ्यात पेन्शनीवर आलेले फौजी गल्लोगल्ली होते. कोणी येताना हिंदी घेऊन आला होता, कोणी रमची चव, कोणी पहाटे उठून बूट चमकवायची सवय. माझे वडील बास्केटबॉल घेऊन आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. हवालदार होते, पलटणीच्या टीममध्ये बरीच वर्षं खेळले होते. पोवई नाक्याच्या अलीकडे एका कचेरीत ते पहारेकरी म्हणून लागले आणि कचेरीमागची मोकळी जागा बघून त्यांना चैन पडेना. साहेबांची परवानगी काढून त्यांनी तारेचे दोन जुने खांब रोवले, फळ्या ठोकल्या, लोहाराकडून कड्या करून आणल्या. मुरूम टाकून त्यावर रोलर ओढला. कडीला जाळी नव्हतीच. बॉल आतून गेला की बाहेरून, यावरून रोज भांडणं व्हायची.

हे सगळं त्यांनी मुलांसाठी केलं होतं. पण मुलं तालमीतली. ज्या खेळात समोरच्याला धरून आपटता येत नाही तो खेळ त्यांना पटला नाही. थोडे दिवस आली, हसली आणि गेली. मग आबांनी मला आणि गल्लीतल्या मुलींना उभं केलं.

आई म्हणाली, "पोरींच्या जातीला हे काय काढलंय?"

"पळत्यात तेवढं बरं हाय," आबा म्हणाले. "तू कधी पळालीस का जन्मात?"

"पळालीया की. आडापासनं चुलीपर्यंत."

दुसऱ्या दिवसापासून ग्राउंडवर जायच्या आधी मला पाणी भरून ठेवावं लागायला लागलं.

त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. सकाळी नळावर रांग, मग कॉलेज, संध्याकाळी ग्राउंड. मुरमाची धूळ इतकी उडायची की घरी आल्यावर आई दारातच थांबवायची. दमायचो तेव्हाही. पण ते दमणं एका झोपेत उतरायचं. सकाळी उठलं की अंग कोरं असायचं. पुढे आयुष्यात जे दमणं आलं ते तसं उतरत नाही, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

मला घुसणं चांगलं जमायचं. बॉलचे टप्पे मारत समोरच्या मुलीला चुकवायचं आणि सरळ कडीखाली जाऊन बॉल वर टाकायचा, याला आबा घुसणं म्हणायचे. इंग्रजी शब्दही त्यांना येत होता, पण आम्हाला शिकवताना घुसणंच. मी उंच नव्हते, पण पहिलं पाऊल लांब पडायचं. उजव्या खांद्याने वाट काढायची आणि समोरचीला वळायच्या आत निघून जायचं. साताऱ्यात मला कोणी अडवू शकायचं नाही. डावीकडून जायची वेळच येत नव्हती. कधी गेलेच, तर तिकडेही बॉल उजव्याच हाताने न्यायचे. डाव्याने टप्पा मारला की तळवा वाकडा पडायचा आणि बॉल पायावर आपटून बाहेर जायचा.

पहिल्यांदा सांगलीला खेळायला गेलो ती एसटी कराड, इस्लामपूर, आष्टा करत दुपारी पोचली. उसाच्या मुलखात दुष्काळातही हिरवं दिसत होतं आणि आमच्यातल्या मुली खिडकीशी गर्दी करून ते बघत होत्या. सांगलीचं ग्राउंड सिमेंटचं होतं. आम्ही सिमेंटवर कधीच खेळलो नव्हतो. बॉल इतका उसळायचा की पहिला काही वेळ तो आमचा आम्हालाच सापडेना.

मला अडवायला आली ती मुलगी दिसायला काहीच नव्हती. बुटकी, रुंद पावलांची, वेणी गुंडाळून रिबिनीने घट्ट बांधलेली. ती माझ्या बरोबर समोर उभी राहिली नाही. माझ्या उजव्या खांद्यापुढे उभी राहिली. डावीकडे दार उघडावं तशी मोकळी जागा. मी उजवीकडे पाऊल टाकलं की तिची छाती आडवी यायची. मी थांबले की तीही थांबायची.

"जा की," ती पंचाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली. "इकडनं मोकळंच हाय."

मी गेले. बॉल उजव्या हातातच होता, म्हणजे तिच्या बाजूलाच. तिने तो नुसता हात लांबवून काढून घेतला. पुन्हा गेले, पुन्हा काढून घेतला. मग मी डाव्या हाताने प्रयत्न केला आणि बॉल माझ्याच बोटांवर लागून सुटला. हाफ टाइमनंतर मी घुसायचंच सोडून दिलं. लांबून बॉल टाकत राहिले. एकही पडला नाही. आम्ही वाईट हरलो.

परतताना एसटी कराडला थांबली. स्टँडवर आबांनी शेंगदाणे घेतले, पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुला लेफ्ट न्हाई."

"माहीत आहे."

"त्या पोरीलाबी म्हाईत झालं. आता समद्यांना म्हाईत होनार. अशी गोष्ट दडून ऱ्हात न्हाई."

त्यानंतरचं वर्ष डाव्या हाताचं गेलं. आबांनी त्यांचा फौजेतला खाकी मफलर काढला आणि ग्राउंडवर माझा उजवा हात कमरेला बांधायला सुरुवात केली. बाकीच्या मुली खेळायच्या आणि मी कडेने डाव्या हाताने टप्पे मारत फिरायचे. तळवा वळत नाही तर कोपर बाहेर काढ, असं त्यांनी सुचवलं. कोपर बाहेर काढून बघितलं. मग खांदा खाली टाकून बघितला. शेवटी बॉल अंगापासून जरा लांब आणि खूप खाली ठेवला की तो राहतो असं दिसलं. तेवढं खाली राहायचं म्हणजे गुडघे सतत वाकलेले. संध्याकाळी घरी येऊन उंबऱ्यावर बसले की उठताना भिंत धरावी लागायची.

घरातही तेच. आबा म्हणायचे, झाडू डाव्याने घे, बादली डाव्याने ओढ. आईने एकदाच विरोध केला, मी डाव्या हाताने वाढायला लागले तेव्हा.

"आवं, पानात वाढताना तरी सोडा तिला," ती आबांना म्हणाली. "खेळ खेळाच्या जागी."

रात्री मनगट ठणकायचं. आई एरंडाचं पान गरम करून बांधायची. तिला तो खेळ शेवटपर्यंत आवडला नाही, पण पान बांधायला ती कधी चुकली नाही.

पुढच्या हंगामात सांगलीच्या मुली साताऱ्याला आल्या. तेव्हा बाहेरच्या टीमची सोय खेळाडूंच्या घरीच व्हायची. कोणी कोणाकडे जायचं हे आबा ठरवत होते, आणि त्यांनी ती रिबिनीवाली मुलगी आमच्याकडे पाठवली. मुद्दाम पाठवली की हाताला लागली म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

ती आली, पाय धुऊन स्वयंपाकघरात गेली आणि आईजवळ बसून पावटे सोलायला लागली. आमच्या घरात जन्मली असावी तशी. आईला तिने विचारलं, पाणी कितीदा येतं, म्हस हाय का, घरात किती माणसं. जेवण झाल्यावर स्वतःचं ताट घासलं. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"हात दाव बघू."

मी दाखवला. तिने मनगट दोन्ही हातांत धरून खाली वळवलं. थोडं वळलं आणि थांबलं.

"म्हनून व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं हुतं, शिकवलंच न्हाई कुनी."

सकाळी मॅच झाली. ती पुन्हा माझ्या उजव्या खांद्यापुढे उभी राहिली आणि मी डावीकडून गेले. बॉल खाली, लांब, डाव्या हातात. पहिल्यांदा सुटला. दुसऱ्यांदा सुटला नाही, पण कडीखाली पोचेपर्यंत मी इतकी वाकलेली होते की वर उडी मारायला अंगात जोरच उरला नाही. नंतर दोनतीनदा बॉल कडीत गेला. आबांनी मान हलवली तेवढीच. आम्ही पुन्हा हरलो, पण गेल्यासारखं लाजिरवाणं नाही.

निघताना मी तिला म्हणाले, "हात बघितलास, आणि तरी तिकडंच ढकललंस."

"मग कुनीकडं ढकलू? मला जिंकायचं हुतं की गं." तिने पिशवी खांद्याला लावली. "आता जरा येतंय तुला. गेल्या साली कायच येत नव्हतं."

त्यानंतर पुढच्या सुगीत सांगलीकडून तिचे मामा आमच्या घरी आले. फौजेत असलेल्या भाच्यासाठी, म्हणजे तिच्या भावासाठी, मुलगी बघत होते. घरी ऊस, गुऱ्हाळ, दोन म्हशी, आईवडील, आणि लग्नाची एक बहीण. त्या बहिणीनेच घरी सांगितलं होतं, मुलगी मी बघून आलेय, दुसरीकडे कुठे जाऊ नका.

माझं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि घरात माझ्या लग्नाचा विषय रोजचा झाला होता. आबांनी मला बाहेर नेलं. ग्राउंडच्या कडेला उभे राहून म्हणाले, "पोरगा मी बघून आलो. शांत हाय. फौजेतला हाय म्हंजे वर्षाचं दहा म्हयनं तू एकटीच असनार, ते तुझ्या आईला इचार. जाशील का?"

मी विचारलं, "ती तिथं असेल ना?"

"तिचं लगीन हुईस्तोवर असंल की."

लग्न झालं. नवऱ्याची रजा संपली, ते गेले. आणि मी सांगलीच्या अलीकडच्या त्या गावात, जिला मी मैदानावर 'ए, सरक' म्हणाले होते तिला, वन्सं म्हणायला लागले. ती मला वैनी म्हणायची. सासूबाईंसमोर आम्ही एकमेकींना अहोजाहो करायचो आणि गोठ्यात गेलो की पुन्हा अरेतुरेवर यायचो.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या वाईट नव्हत्या. कमी बोलायच्या आणि सतत हात चालू असायचे त्यांचे. त्यांच्या घरात बसलेलं माणूस मी कधी बघितलं नाही. पहाटे उठून शेण, मग धारा, मग चहा, न्याहारी, गडीमाणसांच्या भाकरी, धुणं, दुपारची भाकरी, पुन्हा धारा. गुऱ्हाळ सुरू झालं की तिथल्या माणसांचं जेवण वेगळं. माझ्या आईने सांगितलेलं आडापासून चुलीपर्यंतचं पळणं मला तिथे कळलं. थकवा अंगातून निघायचाच नाही. झोपेतही तो अंगात असायचा, आणि उठताना आपण काल कुठे थांबलो होतो तिथूनच पुढे सुरू करतोय असं वाटायचं.

वर्षभर मी बॉलला हात लावला नाही. नणंद सांगलीला कॉलेजला जायची आणि संध्याकाळी खेळून यायची. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिला कधी अडवलं नव्हतं. ती आली की मी तिच्या बुटांकडे बघायचे. तिच्या ते लक्षात आलं होतं.

मग त्यांच्या टीममधल्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि ती गेली. एका संध्याकाळी परड्यात आत्याबाई गवऱ्या थापत होत्या. नणंद जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आये, वैनीला खेळायला न्हेऊ का?"

"कुठं?"

"सांगलीला. माझ्यासंगं. आटवड्यातनं दोन दिस."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेरची चूल फुंकत होते, ऐकत नसल्यासारखी.

"सून हाय ती. लोकं काय म्हनतील?"

"तुझी लेक खेळती तवा म्हनत्यातच की. त्यातच म्हनतील."

त्यांनी हातातली गवरी थापली. मग म्हणाल्या, "घरचं समदं आवरून जायचं. आल्याव पुना करायचं. मला सांगायला लागलं तर बंद."

म्हणजे काम कमी झालं नाही. त्यात फक्त खेळाची भर पडली. आम्ही दोघी एका सायकलवर जायचो, जाताना ती चालवायची, येताना मी. येताना चढ होता.

ग्राउंडवर तिने पहिल्याच दिवशी मला अडवायला घेतलं. उजव्या खांद्यापुढे उभी राहिली. मी डावीकडून गेले आणि बॉल सुटला. वर्षभरात हात विसरला होता. ती बॉल आणून माझ्या हातात द्यायची, पुन्हा उभी राहायची. असं कित्येक संध्याकाळी चाललं.

एकदा पाणी पिताना मी विचारलं, "पहिल्या मॅचला तुला कसं कळलं, मला डावं येत नाही ते?"

"कळलं न्हवतंच." तिने लोटा खाली ठेवला. "तुला खेळाय लागायच्या आदी बगितलं. उजवीकडनं तू जाया लागलीस की तुला धरनं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, येवढं कळलं. मग ती बाजू बंद केली. दुसऱ्या बाजूला काय हाय ते मला तरी कुठं म्हाईत हुतं."

मी इतकी वर्षं समजत होते की तिने माझं दुखणं पहिल्या नजरेत ओळखलं. ती नुसती घाबरली होती. मला हसू आलं, आणि हसताना बरगड्या दुखल्या, कारण सकाळी मी चाऱ्याचे भारे उचलले होते.

हात हळूहळू परत आला. आबांच्या काळात जे जमलं नव्हतं ते इथे जमायला लागलं. बॉल खाली ठेवूनही कडीपाशी पोचल्यावर उठता यायला लागलं. नणंद म्हणायची, आता मलाच तुझं डावं अडवता येईना. खरं होतं की नाही देव जाणे. ती माझं मन राखायला असं बोलणारी नव्हती, म्हणून मी खरं धरलं.

त्या हिवाळ्यात सांगलीत मॅचेस झाल्या आणि साताऱ्याची टीम आली. आबांची टीम. ते लेकीच्या सासरी उतरले नाहीत, ती पद्धत नव्हती. मुलींबरोबर एका शाळेत उतरले. निरोप आला, उद्या ग्राउंडवर भेटू.

गुऱ्हाळ तेव्हा ऐन भरात होतं. त्या दिवशी मी कोंबड्याच्या आधी उठले. धारा काढल्या, गुऱ्हाळातल्या माणसांची न्याहारी केली, दुपारच्या भाकरी थापून ठेवल्या. नणंदही राबत होती. निघायच्या वेळी बघितलं तर आत्याबाई धुतलेलं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या.

"मी बी येती," म्हणाल्या. "बगू तरी काय हाय ते."

मामंजींनी बैलगाडी जोडली. आम्ही तिघी गाडीत बसून गेलो. मी कडेच्या बांबूच्या तट्ट्याला टेकून वाटेत झोपले.

साताऱ्याच्या टीममध्ये सगळ्या नव्या मुली होत्या. मला अडवायला एक लांब पायांची पोरगी आली. तिने आधी वाकून "ताई" म्हटलं, मग माझ्या उजव्या खांद्यापुढे येऊन उभी राहिली. अगदी त्याच जागी. मी आबांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर तिला तेच सांगितलं असतं.

मी डावीकडून गेले. बॉल हातात राहिला, खांद्यामागे ती पोरगी राहिली, कडीखाली पोचून मी बॉल वर टाकला आणि तो पडला. पुन्हा गेले, पुन्हा पडला. त्या पोरीला कळेना. तिला सांगितलेलं ती बरोबर करत होती आणि तरी मी जात होते. ती आबांकडे बघायला लागली. हाफ टाइमपर्यंत आम्ही पुढे होतो. आयुष्यात मी इतकं चांगलं कधी खेळले नव्हते, आणि पुढेही खेळले नाही.

हाफ टाइमला बसले आणि उठताना माझे पाय थरथरायला लागले. वाटलं, पळाले की जाईल. गेलं नाही. आता मी डावीकडून निघायचे, पोरीला मागे टाकायचे, आणि कडीपाशी उडी मारायची वेळ आली की पाय जमिनीवरून सुटायचेच नाहीत. हात बरोबर होता. बॉल कडीखाली येऊन राहायचा आणि मी त्याच्याबरोबर नुसती उभी. सातारा बरोबरीला आला. एकदा मी धडपडले तेव्हा नणंदने मला उचललं.

"तोंड पांढरं पडलंय तुझं," ती म्हणाली. "बस जा."

"थोडं राहिलंय."

"वैनी, बस. मी बगती."

मी बाहेर आले. आत्याबाई बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली आणि पदराने माझं तोंड पुसलं. त्यांनी मला असा हात लावला तो पहिल्यांदाच. उरलेली मॅच मी त्यांच्या खांद्याला डोकं टेकून बघितली. नणंद एकटीने दोघींचं पळत होती. शेवटी आम्ही जिंकलो, अगदी थोडक्यात. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाकून उभी राहिली. ओरडली वगैरे नाही.

आबा आले. सासूबाईंना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "हात झ्याक झाला. मला वाटलं नव्हतं. पाय गेले पर तुझे. पळत जा रोज सकाळी."

मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "पळती की. रोजच पळती. आज कोंबड्याच्या आदीपासनं उभी हाय ती."

  आबांनी माझा डावा हात हातात घेतला, मनगट वळवून बघितलं, आणि आपल्या मुलींकडे गेले.

गाडीत बसल्यावर आत्याबाईंनी मला विचारलं, "एवडं पळून मिळतंय काय गं?" टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होत्या. मी विचार केला, पण सांगता येईना.  बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा उजाडलं होतं. घाबरून गोठ्यात गेले. आत्याबाई धार काढून उठत होत्या. मला बघून म्हणाल्या, "चुलीवर च्या हाय."  त्यानंतर खेळाच्या दिवशी सकाळच्या धारा त्या काढायच्या. बाकी काम तेवढंच राहिलं.

हे सगळं मिळून दीडेक वर्ष चाललं असेल. नणंदेचं लग्न आटपाडीकडे ठरलं. कोरडा मुलूख, मेंढरांचा मोठा बाजार असलेला, आणि तिला दिलेल्या घरात बास्केटबॉल हा शब्दही कोणी ऐकलेला नव्हता. नवरा मास्तर होता, स्वभावाने बरा. ती गेली त्या दिवशी मी रडले नाही, कामं इतकी होती. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकलेली बघितली तेव्हा गोठ्यात जाऊन बसले थोडा वेळ.

तिच्यामागे मी एक हंगाम एकटीच जात राहिले. कोणी थांबवलं नाही. सायकलवर जाताना आणि येताना दोन्हीकडे मीच चालवायचे. मैदानावर मला अडवणाऱ्या मुली होत्या, पण चुकवून गेल्यावर पूर्वी जे वाटायचं ते वाटेना. मग एक दिवस गेले नाही, नंतर गेलेच नाही. नवऱ्याला पलटणीत फॅमिली क्वार्टर मिळाली तेव्हा मी तिकडे निघून गेले.

आबांनी ते ग्राउंड बरीच वर्षं चालवलं. नंतर कचेरीने तिथे नवी इमारत बांधली. डाव्या बाजूने घुसणं ते मुलींना शेवटपर्यंत सर्वात आधी शिकवायचे, असं त्यांच्या टीममधल्या एका मुलीने मला सांगितलं.

आटपाडीला गेल्यावर तिसऱ्या दिवाळीला नणंद माहेरी आली, तेव्हा मीही सुट्टीत गावी होते. तिच्या कडेवर पोर होतं आणि हाताच्या शिरा वर आलेल्या होत्या. तिकडे पाणी लांबून आणावं लागत होतं. आम्ही ठरवलं होतं, दुपारी सायकल काढून ग्राउंडवर जाऊन यायचं, कोणी असलं तर थोडं खेळायचं. जेवण झालं, भांडी झाली, पोर झोपलं. मी म्हणाले, जरा पाठ टेकू आणि निघू. ती म्हणाली, व्हय. आम्ही माजघरात सतरंजीवर आडव्या झालो.

जाग आली तेव्हा दिवस मावळत आला होता. ती अजून झोपली होती, तोंड उघडं, एक हात पोरावर. आत्याबाई दारात बसून गहू निवडत होत्या. मला उठलेली बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू दे तिला," त्या हळूच म्हणाल्या. "तूबी पड अजून जरा."

मी पुन्हा पडले.